दीवान्यांचा काफिला : 'फॅनबॉईज' या चित्रपटाच्या निमित्ताने

'फॅन' हा शब्द आता पाचवीतल्या मुलांच्या तोंडीही रुळला आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. वर्गात एकदा मी या शब्दासाठी उर्दू प्रतिशब्द विचारले. एकाने 'दीवाना' सांगितला, एकीने 'शैदाई', आणि मागच्या बाकावरून कोणीतरी 'परस्तार' म्हणाले. परस्तारमध्ये पूजेचा अर्थ येतो, म्हणून तो शब्द जपून वापरावा असेही एका मुलाने लगेच सुनावले. मराठीतला 'चाहता' हा शब्द मला फार सभ्य वाटतो. तो लांबून टाळी वाजवतो आणि वेळेवर घरी जातो. 'वेडा' म्हणावे तर उपहास होतो. या दोहोंच्या मधल्या जागेत जी माणसे राहतात, त्यांच्याविषयीचा एक अमेरिकन विनोदी चित्रपट मी अलीकडे पुन्हा पाहिला. त्याचे नाव 'फॅनबॉईज'. दिग्दर्शक काइल न्यूमन, पटकथा अर्नेस्ट क्लाइन आणि अ‍ॅडम गोल्डबर्ग यांची. तो ६ फेब्रुवारी २००९ रोजी प्रदर्शित झाला आणि पडला. अमेरिकेतल्या तिकीटबारीवर त्याने दहा लाख डॉलरही जमवले नाहीत. समीक्षकांनी बहुतेक झोडपूनच काढला. असे असताना त्यावर पानेच्या पाने लिहिण्याचे कारण काय, हे पुढे येईलच.

कथा १९९८ सालातली आहे. ओहायो राज्यातल्या एका लहान गावातले चार मित्र आहेत. एरिक वडिलांच्या मोटारविक्रीच्या दुकानात टाय लावून बसतो. हच आईच्या घरी गॅरेजच्या खोलीत राहतो. विंडोज हा चष्मेवाला दिवसभर संगणकासमोर असतो. आणि चौथा लिनस. हे चौघे शाळेपासून 'स्टार वॉर्स'चे दीवाने. जॉर्ज लुकासचा पहिला 'स्टार वॉर्स' २५ मे १९७७ रोजी आला, दुसरा १९८० मध्ये आणि तिसरा १९८३ मध्ये. त्यानंतर सोळा वर्षे पडद्यावर काहीच नाही. चौथा, म्हणजे 'द फँटम मेनेस', १९ मे १९९९ रोजी येणार अशी घोषणा झाली आणि जगभरच्या चाहत्यांनी दिवस मोजायला सुरुवात केली. आपले चौघेही मोजत आहेत. फरक इतकाच, की लिनसला कर्करोग झाला आहे. चित्रपट यायला सहा-सात महिने आहेत आणि लिनसजवळ तेवढे दिवस नाहीत.

मग हे काय ठरवतात? लहानपणी आखलेला एक पोरकट बेत ते बाहेर काढतात. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात लुकासची मोठी जागा आहे, तिचे नाव स्कायवॉकर रँच. मोटारीने अर्धी अमेरिका ओलांडून तिथे जायचे, आत घुसायचे आणि अपुऱ्या अवस्थेतला तो चित्रपट चोरून पाहायचा. हचची जुनाट व्हॅन, तिच्या टपावर चित्रपटातल्या यंत्रमानवाचे डोके, आत चार तरणेबांड पोरे. काफिला निघतो.

त्या काळातला इंतजार नेमका कसा होता, हे आजच्या मुलांना समजावणे कठीण आहे. नोव्हेंबर १९९८ मध्ये 'फँटम मेनेस'ची पहिली झलक काही निवडक चित्रपटगृहांत दाखवली गेली. ती ज्या चित्रपटांच्या आधी लावली होती, त्यांची पूर्ण दराची तिकिटे लोकांनी काढली, दोन मिनिटांची झलक पाहिली आणि मुख्य चित्रपट सुरू होण्याआधीच उठून गेले. त्या मुख्य चित्रपटांपैकी एक होता एडवर्ड झ्विकचा 'द सीज'. न्यूयॉर्कमध्ये बॉम्बस्फोट होतात आणि लष्कर ब्रुकलिनमधल्या अरब-मुस्लिम तरुणांना उचलून कुंपणात कोंडते, अशी त्याची कथा. अमेरिकेतल्या अरब आणि मुस्लिम संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला होता. तीन वर्षांनी, २००१ नंतर, त्याच चित्रपटाची आठवण अनेकांना वेगळ्या अर्थाने झाली. अंतराळातली लढाई पाहायला आलेली माणसे जमिनीवरची ही गोष्ट सुरू होण्याआधी उठून गेली, याचा मी कधीकधी विचार करते. त्यांना दोष देत नाही. त्या दोन मिनिटांसाठीच ते आले होते.

आणि 'स्टार वॉर्स' आपल्याला वाटते तितका परकाही नाही. नायक ल्यूक ज्या वाळवंटी ग्रहावर वाढतो त्याचे नाव टॅटूइन. ते ट्युनिशियातल्या ततावीन या गावाच्या नावावरून आले आहे. ल्यूकचे घर म्हणून जे दिसते ते ट्युनिशियातल्याच मतमाता गावातले जमिनीत खोदलेले घर. ते आता मुसाफिरखाना आहे आणि जगभरचे चाहते तिथे मुक्कामाला जातात. वृद्ध गुरू ओबी-वानच्या अंगावरचा टोपीवाला झगा मगरिबमधल्या शेतकऱ्याच्या बुर्नूसचा चुलतभाऊ शोभावा असा. ग्रह परका, पण वाळू आणि कपडे आपल्या ओळखीचे. हे मी मुलांना सांगते तेव्हा त्यांना फार आनंद होतो.

आता प्रवासाकडे. प्रवासाच्या चित्रपटात वाट हीच कथा असते. मुक्काम आला की चित्रपट संपतो. म्हणून वाटेतल्या थांब्यांवर सगळी भिस्त. 'फॅनबॉईज'चा पहिला मोठा थांबा आहे आयोवा राज्यातले रिव्हरसाइड. हे गाव खरे आहे आणि त्याची हकीकत चित्रपटापेक्षा कमी गमतीची नाही. 'स्टार ट्रेक' ही १९६६ साली सुरू झालेली अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका. तिचा नायक कॅप्टन कर्क आयोवात जन्मला असे मालिकेच्या कर्त्याने म्हटले होते. १९८५ मध्ये या गावाने जाहीर करून टाकले की तो आमच्याकडेच जन्मणार. इसवी सन २२२८ मध्ये! तसा दगडही तिथे बसवला आहे. अजून न जन्मलेल्या माणसाचे जन्मस्थळ पाहायला लोक जातात.

तर 'स्टार वॉर्स'वाले चौघे मुद्दाम वाट वाकडी करून या 'स्टार ट्रेक'वाल्यांच्या गावी जातात. कशासाठी? भांडायला. दोन्ही पंथ अंतराळातल्या जहाजांचेच, दोघांनाही ग्रहताऱ्यांचेच वेड, बाहेरच्या माणसाला तर दोघांत फरकही कळू नये. आणि तरी मारामारी होते, पुतळा मोडतो. आपल्यापैकी ज्यांनी मोहल्ल्यातल्या दोन मसलकांची भांडणे पाहिली आहेत, त्यांना या प्रसंगात हसू येईल आणि हसून झाल्यावर थोडे खजीलही वाटेल. जितके साम्य अधिक तितकी चीड अधिक. लेखकांनी याचा पुढे चांगला उपयोग केला आहे. लास वेगासमध्ये हे पोरे अडकतात, तेव्हा रँचमध्ये शिरण्याचा मार्ग त्यांना कोण सांगतो? विल्यम शॅटनर. म्हणजे प्रत्यक्षातला कॅप्टन कर्क. ज्याचा पुतळा मोडून आले, त्याच्याच हातून रसद मिळते. यावर कोणी भाष्य करत नाही, दृश्य पटकन पुढे सरकते. मला ते आवडले.

अशा पाहुण्यांची चित्रपटात रेलचेल आहे. मूळ चित्रपटांतली राजकन्या लेया म्हणजे कॅरी फिशर इथे वेगासच्या इस्पितळातली डॉक्टर आहे. लँडो झालेला बिली डी विल्यम्स न्यायाधीश आहे. सेथ रोगन एकाहून अधिक भूमिकांत येतो. हे सगळे जाणकारांसाठी. जो ओळखतो त्याला गुदगुल्या होतात, जो ओळखत नाही त्याला नुसती एक डॉक्टर दिसते. चित्रपट पडण्याचे एक कारण हेही असावे. मुशायऱ्यात एखादा शायर फक्त पहिल्या रांगेकडे पाहून शेर वाचतो, तसे झाले आहे.

शिक्षिका म्हणून मला सर्वांत रस वाटला तो परीक्षांमध्ये. चित्रपटात दोनदा परीक्षा होते. विंडोज ज्या मुलीशी संगणकावरून बोलत असतो, ती टेक्सासात भेटते तेव्हा दहा वर्षांची निघते. तिचा काका या पोरांना बदडून काढतो. हे खरेच निष्पाप दीवाने आहेत का, हे तो ठरवतो कसे? 'स्टार वॉर्स'वर प्रश्न विचारून. दुसरी परीक्षा थेट रँचवर, पकडले गेल्यानंतर. तिथेही ओळखपत्र नाही, शिफारसपत्र नाही. पात्रांची, जहाजांची, ग्रहांची नावे सांगा आणि आपली नीयत सिद्ध करा. आम्ही शाळेत पाठांतराला नावे ठेवतो. बी.एड.मध्ये आम्हाला शिकवले की घोकंपट्टी म्हणजे ज्ञान नव्हे. मान्य. पण ज्या गोष्टीवर जीव आहे तिचे तपशील आपोआप तोंडपाठ होतात, हेही तितकेच खरे. माझ्या वर्गातल्या ज्या मुलाला पाढे येत नाहीत, त्याला क्रिकेटपटूंच्या धावा दशांशासह येतात. तपशील हा प्रेमाचा पुरावा होऊ शकतो, हे या विनोदी चित्रपटाने परीक्षेचा प्रसंग लिहून फार सहज दाखवले आहे.

आता दोष सांगितले पाहिजेत, कारण ते थोडे नाहीत. निम्मे विनोद कमरेखालचे आहेत. रँचवरच्या त्या चांगल्या परीक्षेतही एक प्रश्न असा घातला आहे की घरच्यांसोबत बसून पाहणाऱ्याने रिमोट हाताशी ठेवावा. वाटेतल्या एका दारूगुत्त्याचा प्रसंग समलिंगी माणसांना हसण्यावर उभा आहे आणि तो आज फारच शिळा वाटतो. आणि झोई! क्रिस्टन बेलने केलेली ही मुलगी त्या चौघांइतकीच जाणकार आहे. पोरे तुरुंगात जातात तेव्हा सोडवायला तीच येते. पुढे काफिल्यात सामील होते. पण लेखकांना तिच्याशी काय करावे ते कळत नाही. शेवटी ती विंडोजची मैत्रीण होते, एवढेच. मी स्वतः घरातल्या मुलांच्या घोळक्यात बसून कहाण्या ऐकत वाढले. मुलीचे वेड कोणी वेड म्हणून मोजतच नाही, तिला सोबतीण समजतात. चित्रपटाचे नावच 'फॅनबॉईज' आहे, तेव्हा तक्रार तरी कुठे करणार.

एवढे दोष असताना चित्रपट उभा राहतो तो लिनसमुळे. आणि नेमका लिनसचा आजारच त्यातून काढून टाकण्याचा प्रयत्न झाला होता.

ही हकीकत चित्रपटाच्या इतिहासात नमूद करून ठेवावी अशी आहे. चित्रपट २००६ मध्ये चित्रित झाला. २००७ मध्ये यायचा होता. वाइनस्टीन कंपनीने तो अडवला. कंपनीला वाटले, विनोदी चित्रपटात कर्करोग कशाला? लोक हसायला येतात. मग स्टीव्हन ब्रिल या दुसऱ्या दिग्दर्शकाकडून नवी दृश्ये घेतली गेली, विनोद अधिक भडक केले गेले आणि आजार कापून टाकणारी एक प्रत तयार झाली. त्या प्रतीत चार मित्र केवळ हौसेखातर चोरी करायला निघतात. ही बातमी बाहेर फुटली आणि मग जे झाले ते चित्रपटाच्या कथेसारखेच होते. 'स्टार वॉर्स'च्या चाहत्यांनी मोहीम उघडली. कंपनीच्या मालकाला त्यांनी काळ्या शिरस्त्राणातल्या खलनायकाचे नाव दिले. ई-मेलांचा भडिमार केला. २००८ मध्ये त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका चित्रपटावर बहिष्काराची हाक दिली. अखेर कंपनी नमली आणि लिनसचा आजार जागेवर परत आला. दीवान्यांवरचा चित्रपट दीवान्यांनी वाचवला.

कापलेल्या प्रतीत काय उरले असते याचा विचार करून पाहा. तेच चार मित्र, तीच व्हॅन, तेच रिव्हरसाइड, तोच मार. पण लिनस निरोगी असेल तर सहा महिने थांबायला त्यांना काय धाड भरली होती? मग ही चोरी म्हणजे नुसता आगाऊपणा. एरिकने दुकान सोडून निघणे म्हणजे बेजबाबदारी. एरिक आणि लिनस यांनी मिळून चित्रकथा काढायचे स्वप्न पाहिले होते, मग एरिक बापाच्या धंद्यात शिरला आणि दोघांत अबोला आला. त्या अबोल्यालाही काही धार उरत नाही, कारण पुढे बोलायला अख्खे आयुष्य पडलेले. आजार हा या कथेवर चिकटवलेला दुःखाचा तुकडा नाही. तो तिचा पाया आहे. विनोदाला घाई लागते आणि इथे घाई मृत्यूची आहे.

हिंदी चित्रपट पाहणाऱ्या आपल्या लोकांना हे पटवून द्यायची गरज नाही. हृषीकेश मुखर्जींचा 'आनंद' १९७१ चा. त्यातला आनंद मरणार हे आपल्याला सुरुवातीपासून ठाऊक असते आणि तरीही आपण हसत असतो. अनोळखी माणसाला 'मुरारीलाल' म्हणून हाक मारण्याची त्याची खोड आठवा. त्या हाकेला तितक्याच सफाईने 'जयचंद' म्हणून ओ देणारा ईसाभाई सुरतवाला, म्हणजे जॉनी वॉकर, आठवा. बद्रुद्दीन काझी नावाच्या त्या माणसाने आयुष्यभर लोकांना हसवले आणि 'आनंद'मध्ये मरणाऱ्या मित्रासमोरही तेच केले. तो प्रसंग कापा, 'आनंद' रडका होईल. आजार कापा, तो रिकामा होईल. वाइनस्टीन कंपनीत कोणी 'आनंद' पाहिलेला नव्हता, हे उघड आहे. अर्थात 'फॅनबॉईज'ला 'आनंद'च्या शेजारी बसवण्याचा माझा इरादा नाही. लिनसची भूमिका करणारा ख्रिस मार्केट चांगला आहे, पण त्याला बोलायला दिलेले फार थोडे. आजाराची भीती, रात्रीची जाग, औषधे यांना पटकथा जवळजवळ शिवतच नाही. ती जणू स्वतःच्याच विषयाला थोडी घाबरलेली आहे.

इथे मला घरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझे थोरले मामू इब्ने सफीचे दीवाने होते. 'जासूसी दुनिया' आणि 'इमरान सीरिज' यांचे जुने अंक त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपले होते. १९६० ते १९६३ या काळात इब्ने सफी आजारी पडले, लिखाण थांबले. तीन वर्षांनी 'डेढ मतवाले' आले तेव्हा आपल्या थोरल्या भावाने ते कसे मिळवले, ही हकीकत मामू आम्हाला दर ईदला सांगत आणि दर वेळी तिच्यात एक नवे वळण असे. शेवटच्या दुखण्यात त्यांची नजर गेली. एके दुपारी ते मला म्हणाले, बेटा, पेटीतून एक इमरान काढ आणि वाच, झीरोलँडवाला. मी वाचला नाही. खोलीत बायका बसल्या होत्या, कोणी तसबीह घेऊन, कोणी यासीन वाचत. अशा वेळी जासूसी कादंबरी? मला लाज वाटली. उद्या वाचते म्हणाले. चार दिवसांनी जनाजा उठला.

कंपनीने गमतीतून आजार काढला. आम्ही आजारातून गंमत काढली. कैची एकच. म्हणून त्या कंपनीवर मी पोटभर रागावू शकत नाही. यासीन वाचली गेली हे योग्यच झाले आणि ती वाचून झाल्यावर अर्धा तास इमरानलाही देता आला असता. दोन्हींना जागा होती. लिनसच्या मित्रांना हे कळले होते. हच आणि विंडोज काही मोठे समंजस नाहीत, त्यांना धड रस्ताही सापडत नाही. पण मित्राने मागितले ते क्षुल्लक आहे असे त्यांच्यापैकी कोणी एकदाही म्हणत नाही.

प्रसिद्ध अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी या चित्रपटावर कडक टीका केली होती. असे दीवाने खरे तर कलाकृतीचे नव्हे, आपल्या दीवानेपणाचेच दीवाने असतात, असा त्यांचा रोख होता. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. चाहत्यांची टोळी ही स्वतःभोवती फिरते, बाहेरच्याला हिणवते, आणि वय वाढले तरी तिथेच बसून राहते. हचला आपण ओळखतो. तो आपल्याही गल्लीत आहे. मला फक्त एवढेच म्हणायचे आहे की, ईबर्ट ज्याला दोष म्हणतात तेच चित्रपटाने आपला विषय मानले आहे. या चौघांना जोडणारी एकच गोष्ट आहे. ती त्यांना जहाजांच्या नावांवाटेच बोलता येते. भावाने भावाला 'मला भीती वाटते' असे सांगण्याची रीत नसते. मग ते एखाद्या कादंबरीचे नाव घेतात. मामूंनी घेतले तसे.

याच जातीचा दुसरा चित्रपट 'पॉल' २०११ चा. दोन इंग्रज चाहते सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन मेळ्यापासून मोठी गाडी घेऊन निघतात आणि वाटेत त्यांना खराखुरा परग्रहवासी भेटतो. सायमन पेग आणि निक फ्रॉस्ट यांची जोडी 'फॅनबॉईज'मधल्या पोरांपेक्षा कितीतरी सफाईदार आहे, गाडी कुठे अडखळत नाही. पण त्यात एक धर्मनिष्ठ मुलगी आहे. परग्रहवासी तिच्या डोक्याला हात लावतो आणि तिची श्रद्धा क्षणात कोसळते, मग ती शिव्या द्यायला शिकते. श्रद्धा इतकी पातळ असते असे ज्यांना वाटते, त्यांनी श्रद्धावान माणूस जवळून पाहिलेला नसतो. गंमत म्हणजे चित्रपटातले दोन नायक स्वतःच एका श्रद्धेच्या जोरावर निघालेले! 'फॅनबॉईज' कितीही ओबडधोबड असला तरी तो कोणाचीही अकीदत अशी एका झटक्यात पुसत नाही. त्याला ठाऊक आहे की ती पुसली जात नसते.

शेवटाकडे येऊ. रँचवर पकडल्यानंतर परीक्षा होते, पोरे उत्तीर्ण होतात आणि परवानगी येते ती एकट्या लिनससाठी. तो आत जातो. बाकीचे बाहेर थांबतात. पंधराशे कोस एकत्र आलेल्या माणसांनी दारापाशी थांबायचे आणि एकाने पुढे जायचे. दिग्दर्शकाने या प्रसंगात संगीताचा फार मारा केलेला नाही आणि इथे प्रथमच चित्रपट आपल्या वयाहून मोठा होतो. बाहेर थांबलेल्यांपैकी कोणी कुरकुर करत नाही.

मग १९ मे १९९९. लिनस गेलेला आहे. बाकीचे चित्रपटगृहात बसलेले आहेत, एरिकने आता चित्रकथा काढायला घेतल्या आहेत. मित्राच्या नावाने पेले उंचावले जातात. दिवे मालवतात. आणि अंधारात एरिक हळूच विचारतो, चित्रपट वाईट निघाला तर?

२००९ च्या प्रेक्षकाला या प्रश्नाचे उत्तर माहीत होते. 'फँटम मेनेस'ने पहिल्या प्रदर्शनात जगभरात सुमारे ९२ कोटी डॉलर मिळवले, पण जुने चाहते हिरमुसले. संवाद लाकडी, राजकारण कंटाळवाणे. जार जार बिंक्स या पात्रात कॅरिबियन कृष्णवर्णीयांची नक्कल आहे आणि वॅटो या दुकानदारात ज्यू आणि अरबांचे जुने व्यंगचित्र आहे, असे आक्षेप आले. मला ते रास्त वाटतात. म्हणजे लिनसने शेवटचे जे पाहिले ते फारसे चांगले नव्हतेच. पटकथाकारांनी हे जाणून सगळा चित्रपट त्या एका प्रश्नापर्यंत आणला आहे. उत्तर देण्याआधी ते पडदा पाडतात.

पण या ठिकाणी एक गोष्ट मनात येते. २०१५ मध्ये टेक्सासमधल्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका तरुण चाहत्यासाठी त्याच्या आप्तांनी आणि चाहत्यांनी मोहीम चालवली, आणि 'द फोर्स अवेकन्स' हा नवा 'स्टार वॉर्स' त्याला डिसेंबरमधल्या प्रदर्शनाआधी, नोव्हेंबरमध्येच घरी दाखवण्यात आला. काही दिवसांनी तो वारला. त्या चित्रपटावरही पुढे मते पडली, वाद झाले, अजून होतात. त्याच्या घरी त्या रात्री त्याची किती किंमत होती?

'फॅनबॉईज' शाळेत दाखवता येणार नाही, हे वेगळे सांगायला नको. मोठ्यांनी पाहावा. हात रिमोटवर ठेवून पाहावा, आणि आजारासहितची प्रतच पाहावी. आमच्या घरची पत्र्याची पेटी आता माझ्याकडे आहे. तिच्यातले निम्मे अंक वाळवीने खाल्ले. झीरोलँडवाले दोन शाबूत आहेत.